गाडीला भूत नसते, बिघाडाला कारण असते



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, प्रॉव्हिडंट फंड किंवा लग्नातला वायफळ खर्च अशा विषयांवरची असतात. या वेळी मात्र एका तरुणाचे वेगळेच पत्र आले आहे. हा मुलगा आय.टी.आय. झालेला असून हौशी लोकांच्या जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात काम शिकतो. त्यांच्याकडे एम.जी.बी. नावाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार आली आहे. ही गाडी दोन माणसांची आणि वरून उघडी आहे. ती चालता चालता मध्येच बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटांनी कोणी हात न लावताही पुन्हा सुरू होते. कधी आठ दिवस काहीच होत नाही, कधी एकाच दिवशी तीनदा बंद पडते. वस्तादांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटरचा किट टाकला. मालकाचे पैसे गेले, बिघाड तिथेच राहिला.

शेवटी वस्तादांनी निकाल दिला की गाडीला नजर लागली आहे. दर शनिवारी बंपरला लिंबू-मिरची बांधण्याचे काम या मुलाकडे आले. त्याने हात जोडून सांगितले, "वस्ताद, मी बौद्ध आहे. दुसरे कोणतेही काम सांगा." त्यावर उत्तर मिळाले, "मग तूच शोध भूत. नाही सापडले तर घरी बस." मुलगा विचारतो, आता मी काय करू?

मुला, तू नकार दिलास हे योग्यच केलेस. पण नुसत्या नकाराने भागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुने टाकून द्या एवढेच त्यांनी सांगितले नाही, तर त्या जागी धम्म दिला. लिंबू नको म्हणणाऱ्याला लिंबाच्या जागी काय ठेवायचे हे सांगता आले पाहिजे. म्हणून वस्तीतल्या दोन निवृत्त मिस्त्रींसोबत बसलो, गाडीची माहिती वाचली, आणि जे समजले ते इथे मांडतो आहे. तुझ्यासारखे कितीतरी तरुण आज गॅरेजात, रिक्षा स्टँडवर, वर्कशॉपात आहेत. त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. एम.जी.बी. इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या तिथल्या कामगारांनी जोडल्या. तिचे इंजिन १७९८ सीसीचे, 'बी सिरीज' घराण्यातले. नाव विलायती म्हणून घाबरू नकोस. आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षे असलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. ज्या मिस्त्रींनी अ‍ॅम्बॅसॅडर टॅक्सीवर आयुष्य काढले, त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे ओळखीच्याच घरातला पाहुणा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायमचा बिघाड शोधणे सोपे असते, कारण तो समोर उभा असतो. कधी आहे आणि कधी नाही असा बिघाड मात्र भल्याभल्यांना रडवतो. गाडी गॅरेजात येते तेव्हा ठणठणीत असते आणि रस्त्यावर गेली की मान टाकते. नेमक्या अशाच जागी अंधश्रद्धा घर करते. शनिवारी लिंबू बांधले, आठ दिवस गाडी चालली, लिंबाचा जयजयकार झाला! पण लिंबू न बांधताही ती यापूर्वी आठ दिवस चालली होती, हे कोणी ध्यानात घेत नाही. लिंबू बांधूनही ती बंद पडली, तर "अमावास्या होती" हे उत्तर तयारच असते. जे म्हणणे कशानेही खोटे ठरत नाही, त्याला ज्ञान म्हणता येत नाही.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः तपासून पाहा, हा त्याचा आशय. प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थही हाच, की कारण असल्यावाचून कार्य नाही, आणि कारण दूर झाले की कार्यही थांबते. गाडी मध्येच बंद पडते याचा अर्थ कारणही मध्येच हजर होते आणि मध्येच निघून जाते. ते केव्हा येते आणि केव्हा जाते हे पकडले की निम्मे काम झाले.

मी कारकून माणूस. हिशेबात फरक आला तर आम्ही सगळे आकडे खोडून नवे लिहीत नाही. एकेक नोंद खूण करत तपासतो आणि फरक कोणत्या पानावर आहे ते आधी ठरवतो. गाडीचेही तसेच करायचे. शंभर पानांची वही आण. गाडी बंद पडली की तारीख, वेळ, किती वेळ चालली होती, ऊन होते की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, खड्डा आला होता का, चढ होता का, आचका देत बंद पडली की बटण दाबल्यासारखी, आणि किती मिनिटांनी सुरू झाली, एवढे लिहून ठेव. पाच-सहा नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलू लागते.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : कॉम्प्रेशन, वेळेवर पडणारी ठिणगी आणि हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण. कॉम्प्रेशन गेले तर असे दहा मिनिटांत परत येत नाही. म्हणजे उरले दोन संशयित, करंट आणि पेट्रोल. या दोघांची चाल वेगळी असते. पेट्रोल कमी पडले तर गाडी आधी ओढायला कुरकुरते, झटके देते आणि मग हळूहळू विझते. करंट तुटला तर सगळे एका क्षणात शांत होते.

या गाडीत आणखी एक साक्षीदार आहे, आर.पी.एम.चा काटा. हा काटा इग्निशनच्या प्राथमिक सर्किटवर, म्हणजे कॉइल आणि पॉइंटच्या करंटवर चालतो. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडले तरी चाके काही वेळ इंजिनाला फिरवत असतात. अशा वेळी काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर प्राथमिक सर्किट शाबूत आहे. तेव्हा पेट्रोलकडे किंवा रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी या हाय टेन्शनच्या बाजूकडे पाहावे. गाडी वेगात असतानाच काटा धाडकन शून्यावर पडला, तर प्राथमिक सर्किटच तुटले आहे. नवा पैसाही खर्च न करता निम्मी गाडी तपासातून वगळली गेली!

आधी पेट्रोलचा मार्ग पाहू. टाकीतून पेट्रोल मागच्या चाकाजवळ बसवलेल्या एस.यू. कंपनीच्या विजेवरच्या पंपाकडे येते आणि तिथून पुढे दोन कार्बोरेटरकडे जाते. चावी फिरवली की हा पंप टिकटिक करतो आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो. मुळीच टिकटिक झाली नाही आणि वाट्याही रिकाम्या असल्या, तर पंपाचे पॉइंट जळलेत, त्याची अर्थची वायर गंजली आहे किंवा त्याला करंटच पोहोचत नाही. पंपाला हलकेच ठोकल्यावर तो चालू झाला, तर त्याचे पॉइंट संपत आले असे समजावे. टिकटिक थांबतच नसेल, तर पंप हवा ओढतो आहे, टाकीकडून पेट्रोल येत नाही किंवा कार्बोरेटर वाहतो आहे.

टाकीचे झाकणही विसरू नये. पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत आली पाहिजे. जुन्या गाडीला बिनभोकाचे भलतेच झाकण बसवले, तर टाकीत निर्वात होतो, अर्ध्या तासाने पेट्रोल ओढणे बंद होते, आणि गाडी थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालते. याची खूण म्हणजे झाकण उघडताना सूं असा आवाज येतो. टाकीतल्या गंजाचेही असेच असते. कचरा ओढनळीच्या तोंडाला चिकटतो, इंजिन थांबले की सुटून खाली बसतो. कार्बोरेटरकडची नळी सोडून पेट्रोल पत्र्याच्या डब्यात घेऊन पाहावे. एका मिनिटात किमान अर्धा लिटर आले पाहिजे. हे काम मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना करावे. विडी-सिगारेट दूर ठेवावी आणि वाळूची बादली जवळ.

या गाडीची कार्बोरेटर एक्झॉस्टच्या अगदी वर, एकाच बाजूला असतात. मध्ये पत्र्याचा आडोसा असतो. कोणी तो काढून ठेवला असेल, तर वैशाखातल्या उन्हात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ होते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडरचे जुने ड्रायव्हर घाटात पंपावर ओले फडके टाकत, तेही याच कारणासाठी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण ते ओले फडके अजून कित्येकांच्या आठवणीत असेल. आता एका नव्या कारणाची भर पडली आहे. देशभर पंपांवर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळून येते. जुन्या गाडीची मूळ रबरी नळी हे सहन करत नाही. ती आतून फुगते, तिचे कण सुटतात आणि कार्बोरेटरच्या नीडलमध्ये अडकतात. इथेनॉल चालेल अशीच नळी टाकावी.

आता करंटचा मार्ग. या गाडीतल्या वायरींचे रंग म्हणजे एक भाषा आहे. तपकिरी वायर थेट बॅटरीची, तिच्यात करंट कायम. पांढरी वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते. काळी म्हणजे अर्थ. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे आपल्या गॅरेजातल्या भाषेत डेल्कोकडे, जाणारी वायर पांढरी, तिच्यावर काळी रेघ. महत्त्वाची गोष्ट अशी की पेट्रोलपंपालाही याच पांढऱ्या वायरीचा करंट मिळतो. म्हणून गाडी बंद पडल्यावर चावी चालूच ठेवून पाहावे. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागत नाही, पंपही मुका, अशा वेळी बिघाड चावीच्या स्विचकडे किंवा त्याच्या मागच्या तपकिरी वायरीत आहे. चावीला जड जुडगा लटकवला की स्विच आतून झिजतो. चावी हलवल्यावर दिवा लुकलुकला, तर चोर सापडला.

लाल दिवा लागतो पण ठिणगी नाही, तर पुढे सरकावे. बारा व्होल्टचा एक छोटा दिवा आणि दोन वायरी पुरेत. दिव्याचे एक टोक कॉइलच्या करंट येणाऱ्या टोकाला आणि दुसरे चांगल्या अर्थला जोडावे. वायर लांब घेऊन दिवा सीटजवळ ठेवता येतो. गाडी ज्या क्षणी बंद पडेल त्या क्षणी दिवाही विझला, तर बिघाड कॉइलच्या आधी, स्विच, जोड किंवा मीटरमागच्या वायरीत आहे. दिवा जळत राहिला, तर बिघाड कॉइलमध्ये किंवा पुढे.

मग दिवा कॉइलच्या दुसऱ्या, डेल्कोकडच्या टोकाला लावावा, चावी चालू ठेवावी आणि इंजिन हाताने सावकाश फिरवावे. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. दिवा सतत लागलेला राहिला, तर करंटला अर्थपर्यंत वाट मिळत नाही. पॉइंट काळे पडलेत किंवा डेल्कोच्या आतली बारीक वायर तुटली आहे. ही वायर फसवी असते. अ‍ॅक्सिलरेटर कमीजास्त होताना व्हॅक्यूममुळे आतली प्लेट सारखी हलते, वायर आतल्या आत तुटते आणि वरचे आवरण मात्र अखंड दिसते. प्लेटच्या अर्थच्या वायरीचेही तसेच. आणि दिवा लागतच नसेल, तर कॉइल आतून तुटली आहे किंवा पुढे कुठे तरी करंट थेट अर्थ होतो आहे. गरम झाल्यावर शॉर्ट होणारा कंडेन्सर असेच करतो, आणि गार झाला की साळसूद होऊन बसतो.

मुला, आता तुझ्याच पत्राकडे वळू. तू तीन गोष्टी सहज लिहून गेलास. आर.पी.एम.चा काटा एकदम पडतो. बंद पडल्यावरही लाल दिवा लागतो. पंपाची टिकटिक ऐकू येते आणि लगेच थांबते. या तीन ओळींतच तुझे अर्धे उत्तर आहे. पंप टिकटिक करून थांबतो, म्हणजे वाट्या भरलेल्या आहेत आणि पेट्रोलवर आरोप ठेवायला जागा नाही. लाल दिवा लागतो आणि पंपही चालतो, म्हणजे पांढऱ्या वायरीपर्यंत करंट पोहोचतो. काटा एकदम पडतो, म्हणजे प्राथमिक सर्किट तुटते. वस्तादांनी बदललेले प्लग आणि कार्बोरेटरचा किट या प्रकरणात साक्षीदारही नव्हते! तपासायचे उरले ते मीटरमागचा पांढऱ्या वायरीचा जोड, कॉइलची दोन टोके, डेल्कोकडे जाणारी वायर, पॉइंट, आतल्या दोन बारीक वायरी आणि कंडेन्सर. गाडी दहा-पंधरा मिनिटांनी, गार झाल्यावर सुरू होते, म्हणून माझा पहिला संशय कंडेन्सरवर आणि कॉइलवर आहे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. निकाल दिव्याने द्यायचा. गाडी बंद पडताच, गार व्हायच्या आत, दिवा लाव.

कॉइल नवी आहे म्हणून तिला सोडू नकोस. नवा भाग म्हणजे चांगला भाग असे नाही. या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांना सुमारे ३ ओहमची बारा व्होल्टची कॉइल लागते. नंतरच्या, म्हणजे रबरी बंपरच्या गाड्यांत रोधक वायर असल्यामुळे सुमारे १.५ ओहमची कॉइल असते. ही दुसरी कॉइल पहिल्या गाडीला लावली, तर ती तापून बंद पडते. मीटरने मोजून पाहा. पॉइंटचे अंतर ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेव. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही. तपासताना प्लगच्या जाड वायरींना उघडा हात लावू नकोस, तो झटका वाईट असतो. आणि कारण सापडेपर्यंत मालकाला हमरस्त्यावर ओव्हरटेक करू नका असे स्पष्ट सांग. ऐन वेळी गाडी बंद पडली तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

वस्तादांशी वाद घालू नकोस. त्यांच्या हातात तीस वर्षांचे काम आहे. तुला अजून खूप शिकायचे आहे, आणि बरेचसे त्यांच्याकडूनच. वही आणि दिवा घेऊन जा आणि म्हण, "वस्ताद, एवढे पाहिले, पुढे तुम्ही सांगा." बिघाड सापडला तर श्रेय दोघांचे. कारण डोळ्यांनी दिसल्यावर लिंबाची गोष्ट बहुधा आपोआप मागे पडेल. तरीही कामावरून काढलेच, तर तपासाची ही पद्धत तुझ्याबरोबर येईल. ती कोणी काढून घेऊ शकत नाही.

मी हे इतक्या तपशिलाने का लिहितो? १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी एक प्रश्न ठणकावून विचारला होता, की जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश का नाही? धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यात विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. आपल्या माणसाच्या अंगात मेहनत होतीच, दार बंद होते ते कौशल्याचे. आज ते दार बऱ्याच अंशी उघडले आहे. पण आत जाऊन आपण नुसते पाने उचलून देणारे राहिलो, 'का?' हा प्रश्न विचारला नाही, तर उघडे दारही वाया जाईल. पाना कुठला लावायचा हे जाणणारा मजूर असतो. तो का लावायचा हेही जाणतो तो कारागीर, आणि त्याला मालकही मान देतो.

माताभगिनींनो, ही वही तुमच्याही कामाची आहे. लेकराला एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो, मधल्या दिवशी ते खेळते. शेजारीण म्हणते बाहेरचे आहे, उतारा टाका. तो हिवताप, म्हणजे मलेरिया असू शकतो. ताप कधी आला, किती चढला, कधी उतरला हे लिहा, वेळ न घालवता दवाखान्यात जा आणि रक्त तपासून घ्या. एखाद्याला मध्येच फिट येते, तीही किती मिनिटे टिकली ते लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्यालाही कारण असते, आणि बुवाच्या दारात गेलेला वेळ परत येत नाही.

मुला, कंडेन्सर निघो, वायर निघो किंवा आणखी काही निघो, जे निघेल ते तारखेसह वहीत लिही आणि मला कळव. पुढच्या पोराला ते उपयोगी पडेल.

जयभीम! नमो बुद्धाय!